दुसऱ्याच्या वाट्यातली माती

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिलं असेल, आणि पाहिलं असेल त्यांनीही हे काय आहे असं म्हणून मान फिरवली असेल. मी एक जुनी लाकडी झडप आहे. खिडकीची नव्हे, कपाटाचीही नव्हे. वसईजवळच्या उमेळ्याच्या खाली जिथे भाताची खार, म्हणजे खाडीकाठची शेतजमीन, संपते आणि खाडी सुरू होते, तिथे मातीचा एक लांब बांध आहे. आतलं पाणी बाहेर जावं म्हणून त्या बांधाच्या पोटात एक तोंड ठेवलेलं असतं. त्याला इथली माणसं उघाडी म्हणतात. त्या उघाडीच्या तोंडावर, खाडीच्या बाजूला, मी वरून टांगलेली आहे.

माझं काम ऐकलंत तर तुम्हाला हसू येईल. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी मला आतून ढकलतं आणि मी उघडते. भरती आली की खाडीचं खारं पाणी मला बाहेरून दाबतं आणि मी मिटते. दिवसातून दोनदा उघडायचं, दोनदा मिटायचं, संपलं. गोडं पाणी बाहेर जातं, खारं आत येत नाही, आणि आत भात पिकतं. यात माझी हुशारी काडीची नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही मला नक्की विचाराल, की तू तर तिथेच होतीस, मग काही केलं का नाहीस? मित्रांनो, मी पाण्याने हलते. स्वतःच्या मनाने मी आजवर बोटभरसुद्धा हललेली नाही.

मला घडवलं बॅप्टिस्ट सुतारांनी, स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी. नवं लाकूड त्यांनी वापरलंच नाही. मोडीत निघालेल्या एका पडावाच्या, म्हणजे मालवाहू होडीच्या, सागवानी फळ्या त्यांनी निवडल्या. जे लाकूड चाळीस वर्षं खारं पाणी पिऊन बसलंय त्याला खाडी काय करणार, असं त्यांचं म्हणणं. फळ्यांच्या सांध्यांत त्यांनी काथ्या ठासला, वरून डांबर फासलं आणि मला चौकटीवर बसवून बाहेरून घागर घागर पाणी मारून पाहिलं. गावचे लोक भोवती उभे होते. बॅप्टिस्ट सुतार म्हणाले, "एक थेंब आत गेला तं माजा हात कापा." थेंब गेला नाही. त्यांचा हात शाबूत राहिला आणि मला नाव मिळालं. पुढे कितीतरी वर्षं, एखादं दार घट्ट लागलं की वाडीतले लोक म्हणायचे, अगदी उघाडीच्या झडपेसारखं लागलं. मला ते ऐकून फार बरं वाटायचं. आता नाही म्हणत कोणी.

माझ्या आतल्या बाजूला जवळपास साठ एकर खार होती. ती काही एकट्याची नव्हती. वाडीतल्या बावीस घरांची होती, काही हिंदू, काही ख्रिस्ती, कोणाचे दोन तुकडे, कोणाचे पाच. जमीन ज्याची त्याची, सातबारा ज्याचा त्याच्या घरी. पण बांध सगळ्यांचा. आणि तो बांध राखायची त्यांची एक रीत होती. ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

बांधाचे बावीस वाटे पाडलेले होते. प्रत्येक घराला एक वाटा. वाट्याच्या दोन्ही टोकांना दगड पुरलेले, कोणाच्या दगडावर शेंदूर, कोणाच्या दगडावर क्रूस कोरलेला. दर उधाणाच्या आधी प्रत्येकाने आपल्या वाट्यात चिकणमातीच्या पाट्या टाकायच्या, खेकड्यांची बिळं पायाने चेचून बुजवायची, खचलेली कड थोपटायची. यात एक मेख होती. कोणाचाच वाटा त्याच्या स्वतःच्या शेतासमोर नव्हता. मुद्दामच तसे पाडले होते. मी कामात कुचराई केली तर शेजाऱ्याचं शेत बुडेल, आणि शेजाऱ्याने केली तर माझं. त्यामुळे कुचराई करायची कोणाची छाती होत नसे.

आणि दुसऱ्याच्या वाट्यात माती टाकायची नाही, हा नियम. एखाद्या घरात मागे कोणीच उरलं नाही, तरच सगळं गाव पाट्या घेऊन यायचं, एक शब्द न बोलता त्या घराच्या वाट्यात एकदा माती टाकायचं, आणि मग तो वाटा इतरांत वाटून घ्यायचं. म्हणून जित्या माणसाच्या वाट्यात माती टाकणं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं, की तुझं घर संपलं. शिवी परवडली, ते नको. माझ्या डोळ्यांसमोर असं दोनदाच झालं, आणि दोन्ही वेळा खरोखरच घर संपलेलं होतं.

माझ्या डाव्या हाताचा वाटा लुईसचा होता. लुईस म्हणजे वाडीतला सगळ्यांत चांगला मातीवाला. तो माती नुसती टाकत नसे, टाचेने दाबून, पंजाने सारवून बसवत असे. जाता जाता माझ्याकडेही बघायचा. माझ्या फटीत खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवराची फांदी अडकली असेल तर कमरेएवढ्या चिखलात उतरून काढायचा आणि मला थोपटून म्हणायचा, "आता मिट गो बाय." त्याच्या वाट्यामागे शेत होतं यशोदेचं. खारीतला सगळ्यांत खोल तुकडा. यशोदेचा नवरा पांडुरंग लवकर गेला होता. दोन मुली आणि तो तुकडा, एवढंच तिच्याकडे होतं. त्यातून येणारं लालसर भात तिघींना वर्षभर पुरायचं. आणि यशोदेचा वाटा होता पलीकडे, लुईसच्या शेतासमोर. म्हणजे यांनी त्यांचं राखायचं, त्यांनी यांचं. लुईस गेल्यावर त्याची बायको आग्नेस आणि मुलगा प्लासिड वाटा बघू लागले. यशोदेचं भात सखल जागेमुळे ओल धरून लवकर निसवायचं, म्हणून आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, ख्रिस्ती देवळात न्यायच्या लोंब्या आग्नेस दरवर्षी यशोदेच्याच शेतातून काढायची. यशोदा स्वतः विळा घेऊन तिला चांगल्या लोंब्या निवडून द्यायची.

सत्त्याहत्तरच्या पावसात बांधाच्या लांबच्या टोकाला खांड पडली. खांड म्हणजे बांध फुटून पडलेली वाट. दहा-बारा एकर खारं झालं. गावाने पाट्यांनी ती बुजवली खरी, पण सगळे दमले होते. तरणी पोरं आता कारखान्यांत जात होती, माती कोण टाकणार? मग अर्ज झाले, फेऱ्या झाल्या, आणि दोन वर्षांनी सरकारने तो बांध आपल्या खर्चाने नव्याने बांधायला घेतला.

मित्रांनो, मी सरकारला नावं ठेवणार नाही. तसा बांध मी जन्मात पाहिला नव्हता. ट्रकांनी मुरूम आला, खाडीकडच्या बाजूला दगड लावले, उंची हातभर वाढली. लोकांच्या खाजगी शेतांसाठी कोणी परक्याने इतकं करावं, याचं मला नवलच वाटलं. उघाडीला सिमेंटची दोन नवी तोंडं केली आणि त्यांवर दोन लोखंडी झडपा बसवल्या. मलाही काढणार होते, पण तिसरी लोखंडी झडप काही आली नाही, म्हणून मी जागच्या जागी राहिले. उद्घाटनाला हार त्या दोघींना पडले. माझ्या वाट्याला हाराची एक तुटलेली दोरी आली, तीही वाऱ्याने. त्या दोघी फार तोऱ्यात असायच्या. दुसऱ्या पावसाळ्यात एकीची बिजागरी गंजली आणि ती कर्रर्र करत अर्धीच मिटायला लागली, तेव्हा मला वाईट वाटलं असं मी खोटं सांगणार नाही.

उद्घाटनाला आलेले मोठे साहेब म्हणाले होते, "आता तुम्ही निश्चिंत राहा. बांध शासनाचा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक पाटीही लागली. तिच्यावर लिहिलं होतं, की बांधास परवानगीशिवाय कोणी हात लावू नये. आणि ते शेंदराचे, क्रुसाचे दगड नव्या मुरुमाखाली गाडले गेले.

दगड गेले, पण वाटे काही डोक्यांतून गेले नाहीत. तिथेच सगळं चुकलं. बांधाचं काम लोकांनी सरकारला देऊन टाकलं, आणि वाट्याचा मान मात्र घरीच ठेवला. उधाणाच्या आधी आता कोणी पाट्या घेऊन येईना. का येतील? पाटी लागलीय, बांध शासनाचा आहे. पण हा अमक्याचा वाटा, तो तमक्याचा वाटा, हे मात्र सगळ्यांना तंतोतंत ठाऊक होतं, आणि दुसऱ्याच्या वाट्यात माती टाकणं अजूनही शिवीच होती. खेकड्यांना यातलं काही कळत नाही. ते पूर्वीसारखेच बिळं करत राहिले.

त्र्याऐंशी सालच्या गणपतीत यशोदेला भोक दिसलं.

मला ते आधीपासून माहीत होतं. लुईसच्या जुन्या वाट्यात, माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, मुठीएवढं बीळ होतं. भरतीला खाडीचं पाणी त्यातून आत झिरपायचं. मला ते ऐकू यायचं, बारीक चुळचुळ. मी आपली घट्ट मिटून बसायचे, थेंब आत जाऊ द्यायचे नाही, आणि शेजारून पाणी आत जात असायचं. माझ्यासारख्या झडपेला यापेक्षा मोठी लाज नाही. ओरडायला तोंड नाही, धावायला पाय नाहीत. नुसतं मिटून राहायचं.

यशोदा बांधावर वाकून बराच वेळ बघत राहिली. बोटाने ओली माती चाखली आणि थुंकली. दुसऱ्या दिवशी ती वसईला जाऊन आली, आणि आठवड्याने खारबांधाच्या ऑफिसातले ओव्हरसियर सायकलवरून आले. माणूस वाईट नव्हता. चपला काढून चिखलात उतरला, भोकात काठी घालून पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं.

यशोदेने विचारलं, "मंग कदी बुजवनार, साहेब?"

तो जरा ओशाळला. "बाई, खरं सांगू? शेत तुमचं खाजगी आहे, बांध शासनाचा. नवा बांध बांधायला आमच्याकडे पैसा येतो. फुटलेला बांधायलाही येतो. पण भोक बुजवायला पैसा येत नाही. देखभाल ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनी करायची, असा नियम आहे."

"पन तुमची पाटी तं म्हनते हात लावू नका."

"ती पाटी बांध खणणाऱ्यांसाठी आहे हो. माती काढू नका म्हणून. माती टाकायला कोण नाही म्हणतंय? चार पाट्यांचं तर काम आहे."

एवढं बोलून तो सायकल ढकलत गेला. चार पाट्यांचं काम. ते यशोदेलाही कळत होतं आणि मलाही. पण त्या चार पाट्या कोणाच्या वाट्यात पडायच्या होत्या, ते त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी आग्नेस उघाडीपाशी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला आली. ओहोटी होती. यशोदा शेतातून तिला बघून बांधावर चढली. दोघी आधी इकडचं तिकडचं बोलल्या, आग्नेसच्या गुडघ्यांचं, यशोदेच्या थोरलीच्या स्थळाचं. मग यशोदा म्हणाली, "आग्नेसबाय, तुमच्या वाट्यात भोक पडलंय. पानी आत येतंय."

आग्नेसने वर बघितलं नाही. "आमचा वाटा कुटं ऱ्हायला आता? सरकारचा बांध हाय तो."

"सरकार म्हनतं तुमीच बुजवा."

"मंग प्लासिडला सांगते. तो रविवारी येल."

"या रविवारी आगेरा हाय ना? तो येल काय?"

आग्नेस पुन्हा चिखलात हात घालू लागली. प्लासिड भांडुपच्या एका कारखान्यात कामाला होता. पहाटे जायचा, रात्री यायचा, रविवार एकच त्याच्या हाती. यशोदा हळू म्हणाली, "नायतं मी टाकू का चार पाट्या? तुमी म्हनाल तं."

आता आग्नेसने मान वर केली. तिचा चेहरा मला माझ्या जागेवरून दिसत होता. तिला राग आला नव्हता, ती घाबरली होती. "माजा प्लासिड जिता हाय अजून, यशोदे," ती म्हणाली.

यशोदेने पटकन तिचा हात धरला. "तसं नाय वो बाय. माज्या मनात तसं काय नाय." आणि विषय तिथेच संपला. आग्नेस टोपली उचलून गेली.

रविवारी आगेरा झाला. यशोदेने निवडलेल्या लोंब्या देवळात गेल्या. प्लासिड दिवसभर देवळात होता, वाजंत्र्यांच्या पुढे पालखी धरणाऱ्यांत, आणि संध्याकाळी त्याच्या घरी पाहुणे होते. तो काही आला नाही. त्याला दोष तरी काय द्यायचा, त्याच्या हिशेबाने बांध सरकारचा होता आणि पाहुणे त्याचे होते.

सोमवारी सकाळी यशोदा आली. डोक्यावर चिकणमातीची पाटी होती. ती बांधावर चढली, भोकापाशी आली आणि पाटी खाली उतरवली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मित्रांनो, मी तिला मनातल्या मनात किती विनवलं म्हणून सांगू! टाक गो बाय, टाक. कोण बघतंय? लुईस असता तर त्यानेच तुझ्या हातातून पाटी घेतली असती. भोक आता मुठीएवढं राहिलं नव्हतं, आत घागर गेली असती. यशोदेने माती दोन्ही हातांत घेतली. तशीच बसून राहिली. मला वाटतं, ती आग्नेसचा चेहरा आठवत होती. मग तिने माती पुन्हा पाटीत टाकली, हात शेताच्या पाण्यात धुतले, पाटी डोक्यावर घेतली आणि पलीकडे चालत जाऊन ती सगळी माती आपल्या स्वतःच्या वाट्यात टाकली. तिथे भोक नव्हतं. तिथे मातीची काही गरजच नव्हती.

गुरुवारी सर्वपित्री अमावास्या होती. या दिवसांतल्या अमावास्येचं उधाण वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतं, आणि ऐन भरती दुपारी येते. त्या दिवशी दुपारी वाडीतले हिंदू पितरांना पान वाढून कावळ्याची वाट बघत होते, आणि कारखान्यांत जाणारे कारखान्यांत होते. बांधावर एकही माणूस नव्हता. पाणी माझ्या कपाळापर्यंत चढलं. मी मिटले, बॅप्टिस्ट सुतारांनी शिकवलं होतं तशी मिटले. लोखंडी दोघींपैकी एक मिटली, एक अर्धी राहिली. शेजारची चुळचुळ वाढत वाढत घोगरी झाली, आणि मग एकदम माती बसल्याचा आवाज आला, जड, ओला. दगडांची रांग खाली सरकली. खाडी लुईसच्या वाट्यातून यशोदेच्या शेतात शिरली.

भात दाण्याला आलेलं होतं. अजून पंधरा-वीस दिवसांत कापणी झाली असती. पाणी आधी लोंब्यांच्या खालून गेलं, मग वरून गेलं, आणि मग लोंब्या दिसेनाशा झाल्या. कोणीतरी ओरडलं, माणसं धावत आली. यशोदा धावत आली तेव्हा तिच्या हाताला वाढलेल्या पानाचा भात चिकटलेला होता. ती कडेला उभी राहिली. मी तेव्हा घट्ट मिटलेली होते. माझं काम मी अगदी चोख करत होते, आणि त्याचा कोणालाही काडीचा उपयोग नव्हता.

शुक्रवारी सकाळी अख्खं गाव पाट्या घेऊन आलं. आता कोणी पाटी वाचली नाही, कोणी ऑफिसचं नाव काढलं नाही. सगळ्या घरांतली माणसं, बाया, म्हातारे, ओळीने उभे राहिले आणि हातोहात माती पुढे देऊ लागले. सगळी माती एकाच वाट्यात पडत होती. कोणी बोलत नव्हतं. बोलायला दमच नव्हता. पण मी आणि आग्नेस, आम्हा दोघींना ते कसं दिसलं असेल, याचा विचार करा. लुईसच्या वाट्यात सगळं गाव गुपचूप माती टाकत होतं. आग्नेस बांधाच्या कडेला पदर तोंडाशी धरून उभी होती. प्लासिड रजा टाकून आला होता. कारखान्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखलात उभा होता आणि माती घेताना कोणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हता.

दुपारची भरती ती सगळी माती घेऊन गेली. शनिवारी पुन्हा टाकली, पुन्हा गेली. खांड आता वीस हात रुंद होती. तीत पाट्यांनी काय होणार? रविवारी कोणी आलं नाही.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. माझी चौकट पाण्याच्या ओढीने वाकली आणि माझी एक बिजागरी निखळली. तेव्हापासून मी एका बाजूवर लोंबकळते आहे. ओव्हरसियर आले, त्यांनी टेप लावून मोजमापं घेतली. ते मनापासून हळहळले. आता फुटलेला बांध बांधायला पैसा मागता येईल, म्हणाले. कागद वर गेला. वरून प्रश्न आला, की खाजगी जमिनीसाठी सरकारने एकाच ठिकाणी दोनदा खर्च का करावा? मालक देखभालीची हमी देतील का? सगळ्या मालकांच्या सह्या लागतील. यशोदा घरोघर फिरली. काही मालक मुंबईला, एकजण आफ्रिकेत बोटीवर, एका घरात चार भावांचं पटत नाही. सातबाऱ्यांवरच्या अठ्ठावीस नावांपैकी पंचवीस सह्या झाल्या, तीन राहिल्या. त्या तीन आल्या तोवर साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी नवा नमुना मागितला. सरकारने दोनदा खर्च करावा की नाही, मला यातलं कळत नाही. दोन्ही बाजू रीतसर बोलत होत्या. पाण्याला सातबारा वाचता येत नाही, एवढं मात्र मी रोज बघत होते.

तीन वर्षं झाली. यशोदेच्या शेतात आता तिवरं उगवली आहेत, कमरेएवढी. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पांढरा थर येतो. बांध उद्या झाला तरी ती जमीन दोन-तीन पावसांनी धुऊन काढल्याशिवाय भात द्यायची नाही. थोरलीचं लग्न कसंबसं झालं. यशोदा आणि धाकटी पहाटे उठून भुईगावच्या वाड्यांत वांगी, मिरच्या तोडायला मजुरीवर जातात. ज्या बाईने जन्मात दुसऱ्याचा तांदूळ शिजवला नव्हता, ती आता रेशनच्या रांगेत उभी राहते. ती तक्रार करत नाही. मला मात्र फार तक्रार आहे, पण ती कोणाविरुद्ध करायची हे कळत नाही. भोकाविरुद्ध? खेकड्याविरुद्ध? त्या बिचाऱ्या सायकलवाल्याविरुद्ध?

परवा संध्याकाळी दोघी बांधावर आल्या होत्या. आग्नेस आता काठी घेऊन चालते, यशोदेने तिचा दुसरा हात धरला होता. बांधाचा जो तुकडा उरला आहे त्यावर त्या बसल्या. भरती नुकतीच लागली होती. मग आग्नेस म्हणाली, "यशोदे, तवा तू माती टाकायला आलेलीस ना? सोमवारी?"

यशोदा दचकली. "कोन म्हनालं?"

"मी वाटेवर होते. चिंचेखाली. मी बघत होते तू काय करते." आग्नेस काठीने माती उकरत राहिली. "टाकली असतीस तं मी रागावली असती गो."

"म्हाईत हाय."

"चार दिस बोलली नसती तुज्याशी."

"हं."

"मंग बोलली असती."

यशोदेने तिच्याकडे बघितलं. "चारच दिस?"

"चारच," आग्नेस म्हणाली आणि रडू लागली. यशोदेने तिला जवळ घेतलं, पण तिचे डोळे समोर होते, तिवरांकडे. ती रडली नाही. तिचा हात आग्नेसच्या पाठीवरून फिरत राहिला आणि पाणी त्या दोघींच्या पायांखालून आत जात राहिलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, की आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसं म्हणणार नाही. मला जपून आता काही होणार नाही. माझ्या दोन्ही बाजूंना एकच पाणी आहे. मी मिटले काय आणि उघडी राहिले काय. कधीतरी कागद मंजूर होईल, नवा बांध येईल, तिसरी लोखंडी झडप येईल आणि मला सरपणात टाकतील. टाकू देत.

मी फक्त एवढंच मागते. मला हात नव्हते, तुम्हाला आहेत. कुठे पाणी झिरपताना दिसलं आणि जवळ माती असली, तर ती तिथे टाका. बांध सरकारचा की गावाचा, जमीन कोणाची, वाटा कोणाचा, पैसा कोणी द्यायचा, यावर नंतर हवं तितकं भांडा. माती आधी टाका. कोणीतरी रागावेल. चार दिवस तुमच्याशी बोलणार नाही. मग बोलेल.